क्षितिजाच्या रिव्हॉल्व्हरचं औक्षण

र्युसेल्सहाइम, ९ ऑगस्ट २०२५

ती. सुरेखाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. आमचा फोन स्वयंपाकघरात स्पीकरवर असतो आणि क्षितिजा शेजारी उभी असते, म्हणून लिहून कळवतोय. तुझ्या भावजयीने रिव्हॉल्व्हर घेतलंय. खेळण्यातलं नाही. मॅग्नम, सव्वा किलो वजनाचं. वर्षभर क्लबात नेमबाजी करून, परीक्षा देऊन, रीतसर परवाना काढून घेतलंय. शेजारच्या फ्राउ हार्टविगचे गुडघे दुखतात म्हणून ही त्यांना क्लबात सोडायला जाते, अशी माझी समजूत होती.

त्यासाठी आलेली लोखंडी तिजोरी क्लबातल्या चौघांनी बेडरूमच्या भिंतीला बोल्टने ठोकली. जागा माझ्या कपाटाची गेली. माझे शर्ट आता केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकलींच्या शेजारी आहेत. तिजोरीचा नंबर फक्त तिलाच माहीत असावा असा कायदा. मी इतकी वर्षं कारखान्यात गाड्यांचे ब्रेक बनवतोय, आणि माझ्याच घरात मला उघडता येत नाही असं कपाट आहे. ध्रुवला आखनला कॉलेजात फोन केला, तर तो जर्मनमध्ये म्हणाला की आई भारी आहे.

ताई, मला तिची भीती वाटत नाही, त्या वस्तूची वाटते. क्षितिजा तुझं ऐकते. तिला परत करायला सांग.

माया आहे तशीच ठेव, फोनवर मात्र यातलं अक्षर काढू नकोस.

तुझा,
श्रीरंग


सांगली, ३० ऑगस्ट २०२५

चि. श्रीरंग यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे तेव्हापासून क्षितिजाचा उल्लेख 'साहेब' असा करतात.

अरे, तू दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल वाजलं तरी माझ्या मागे लपायचास. तुझ्या घाबरण्यावरून मी तिला काय सांगू? तुला नको असेल तर तू स्वतः सांग. लग्न तू केलंस.

मला दुसरंच सुचतंय. आपल्या घरी दसऱ्याला विळीची, पान्याची आणि तुझ्या लॅपटॉपची पूजा होते. पिढ्यान्‌पिढ्यांत पहिल्यांदाच खरं शस्त्र आलंय, तर त्याची पूजा झालीच पाहिजे. झेंडू मिळत नसेल तर कुठलंही पिवळं फूल चालेल. त्याला खोबरेल लावतात का, हे तिला वेगळ्या पत्रात विचारलंय.

शर्ट केलरमधून वर आण, ओल लागेल. आशीर्वाद आहेतच, घाबरशील तेव्हा दुप्पट समज.

तुझी,
ताई


र्युसेल्सहाइम, १७ सप्टेंबर २०२५

ती. सुरेखाताई,
सा. न. वि. वि.

खोबरेल नाही हो, त्याचं वेगळं तेल असतं.

तुम्ही विचारलंत की हे वेड कुठून आलं. फ्राउ हार्टविगना सोडायला गेले होते, थंडी होती म्हणून आत बसले. त्यांनी हातात दिलं, मी उडवलं. खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या आणि गोळी बरोबर मधोमध. ताई, ऑफिसात माझं काम बघून कायम म्हणतात, छान, पण. इथे सगळे नुसतं छान म्हणाले आणि गप्प बसले. पुढच्या आठवड्यात मी परत गेले. क्लबाच्या रिव्हॉल्व्हरची मूठ माझ्या हाताला मोठी पडायची, म्हणून स्वतःचं घेतलं.

श्रीरंग काही बोलत नाही, नुसता डिशवॉशर जोरात लावतो. एकदा क्लबात चल म्हटलं, तर आला, आणि कानात हेडफोन घालून गाडीत बसून राहिला. त्याने एकदा तोंडाने नको म्हटलं तर मी देऊन टाकेन. वाईट वाटेल, पण देईन. तो म्हणतच नाही.

पूजेची एक अडचण आहे. तिजोरीबाहेर काढलं की ते माझ्या ताब्यात पाहिजे. पाटावर ठेवून मी श्रीखंड आणायला उठले तरी नियम मोडला. म्हणून मीच पाटावर बसेन, ते हातात धरून, रिकामं. गोळ्या कुलपात. औक्षण मग श्रीरंगलाच करावं लागेल. विचारलं, तर बघू म्हणाला.

तुमचा लोभ मला पुरतो, थोडा त्यालाही वाटून द्या.

आपली,
क्षितिजा


र्युसेल्सहाइम, ५ ऑक्टोबर २०२५

ती. सुरेखाताईस,
शि. सा. न. वि. वि.

दसरा पार पडला. कसा, ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही.

क्षितिजा पैठणी नेसून पाटावर बसली, दोन्ही हातांत रिव्हॉल्व्हर, नळी भिंतीकडे. मी मुठीला हळदकुंकू लावलं आणि निरांजन ओवाळायला लागलो. शस्त्राला ओवाळता ओवाळता तिलाच ओवाळलं जात होतं, हे दोघांच्याही लक्षात आलं. तेवढ्यात बेल वाजली. मी ताम्हन घेऊनच दार उघडलं. दारात शस्त्र खात्याचे दोघं, एक वयस्कर गृहस्थ आणि एक तरुण बाई. न कळवता तिजोरी तपासायला येतात, तसे आलेले. मी म्हटलं, या, पण बूट बाहेर काढा.

दोघं मोज्यांवर आत आले आणि समोर क्षितिजा. ती जागची हलली नाही. तिने शांतपणे चक्र उघडून सहाही रिकामी घरं दाखवली. गृहस्थांनी वाकून बघितलं, कुंकवाला बोट लावून बघितलं, आणि म्हणाले, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. मग ती त्यांना तिजोरी दाखवायला घेऊन गेली, रिव्हॉल्व्हर हातातच.

बाईंनी मला एकट्याला गाठलं. विचारलं, घरात ही वस्तू असण्याबद्दल तुम्हाला काही अडचण आहे का? पेन उघडून उभ्या होत्या. ताई, हे कुणीतरी विचारावं म्हणून मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं, जर्मनमध्ये, व्याकरणासकट. माझ्या हातात निरांजन होतं आणि आतून क्षितिजाचा आवाज येत होता. ती गृहस्थांना मूठ कशी धरायची ते सांगत होती. इतक्या आनंदात ती माझ्याशी कधी बोलली होती ते मला आठवेना. मी म्हटलं, अडचण आहे, माझे शर्ट केलरमध्ये आहेत. बाई म्हणाल्या, तो विषय त्यांच्या खात्याकडे येत नाही. त्यांनी पेन बंद केलं.

राहिलेलं औक्षण पुरं केलं, ते दोघं हात जोडून उभे राहिले. श्रीखंड दोनदा घेतलं.

काल तिला क्लबात सोडायला गेलो तेव्हा मीच म्हटलं, मी आत येऊ का? पाहुण्याला कुणी सोबत असलं की उडवता येतं. क्षितिजाने मागून माझे हात धरले. बार उडाला आणि मी 'आई गं' असा ओरडलो की सगळ्यांनी नेमबाजी थांबवून मला कुठे लागलं ते शोधलं. गोळी कुठे गेली ते कुणालाच सापडलं नाही. क्षितिजाला इतकं हसू आलं की तिला उभं राहवेना. नेम धरायच्या रेषेवर हसायला बंदी आहे, म्हणून पंचांनी तिला बाहेर बाकावर नेऊन बसवलं. मीही कानांवरचं काढलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसलो. आत परत बोलावलं तेव्हा आम्ही दोघंही उठलो नाही.

रागावली असशील तर राग पोस्टाने पाठव, माया फोनवर कर.

तुझा,
श्रीरंग