फुललेलं गाजरगवत

१४ सप्टें. २००४
काल गाजरगवत उपटताना मी नाकाला ओढणी बांधली. मग पोरांना रुमाल बांधायला का नाही सांगितलं? या फुलोऱ्यात मी शिंकांनी बेजार होते, हे मला दहावीपासून ठाऊक. श्रमदानाची कल्पनाही माझीच. शाळेचं मैदान पांढरंशिप्पट फुललेलं. चौथीतली वर्षा म्हणालीही, "बाई, तोंड काऊन बांधलं जी?"
"मला सर्दी होते."
"मलेई होते ना!" हसली, पुन्हा गवतात शिरली.
दुपारी तिची छाती वाजायला लागली. मुख्याध्यापकांच्या मोटरसायकलवर आरमोरीला, दवाखान्यात. ओठ निळसर...

१५ सप्टें.
वर्षा अजून दवाखान्यातच. डॉक्टर म्हणाले, नाकाची ॲलर्जी जुनी असणार, परागकण छातीत उतरले की काहींना दम लागतो. सकाळी शिंका येतात का?
तिची आई म्हणाली, "येतेत ना! शेजारीन म्हणते, तुमची पोरगी उठली का आमी उठतो." हसता हसता रडली. मग माझा हात धरला. "बाई, तुमी होत्या म्हनून वाचली."
मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर.

१६ सप्टें.
मु.अ.नी कागद पुढे केला. 'विद्यार्थिनी घरूनच आजारी आली होती.' खाली माझ्या सहीची जागा.
"दोन महिन्यांत शिक्षणसेवकाची मुदत संपून कायम होता तुम्ही. हरिश्चंद्र नका बनू, मॅडम."
घरात बी.ए. झालेली मीच पहिली. बाबा राइस मिलमध्ये पोती वाहतात. दिवाळीनंतर पोरगी पर्मनंट, असं वस्तीभर सांगून बसलेत.
सही केली नाही. नाही असंही म्हटलं नाही. कागद पर्समध्ये.

१७ सप्टें.
वर्षा उठून बसली. बिस्किट खाल्लं. तिच्या आईनं मला चहा दिला. सांगून टाकलं. गवत मीच उपटायला लावलं. त्रास होतो हे माहीत असून.
ती पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "मंग परवा काऊन नाई सांगितलं?"
कप माझ्या हातातून काढून घेतला.
तिथून सरळ पंचायत समितीत. मु.अ.चा कागद सही न करताच परत पाठवला. घडलं ते सगळं माझ्या अक्षरात, वेगळ्या कागदावर, खाली पूर्ण सही. तिथल्या कारकून बाबूंनी दोनदा वाचला.
"घरी इचारलं का, मॅडम?"
"शिक्का मारा."
पोच घेतली. बाबांना अजून सांगितलं नाही.