आईची दुरुस्त केलेली प्रार्थना

लातूर, रविवार, संध्याकाळ

आई गेली, प्रभूत निजली, त्याला आज महिना झाला. घरी प्रार्थना ठेवली होती. नेहमीसारखं मीच प्रार्थनेच्या पुस्तकातून वाचलं, एकही चूक न करता. मंडळी म्हणाली, छान झाली. छान! मला त्यातला एक शब्दसुद्धा आत भिडला नाही.

आई हदगावकडची. डोळे मिटून म्हणायची, "येशूबा, हाईस का रं? लेकाचा घसा बसलाय, बघ जरा." एकदा पाहुण्यांदेखत मला लाज वाटली. म्हणालो, "आई, देवाशी असं बोलत नसतात." ती मान डोलावून नुसतं "हाव" म्हणाली. त्यानंतर प्रार्थनेत तिचे फक्त ओठ हलायचे. शेवटी दवाखान्यातही तसंच. काय मागत होती? मला का नाही विचारावंसं वाटलं?

सगळे गेल्यावर पुस्तक मिटून तिच्या खाटेवर बसलो. आज पहिल्यांदा स्वतःचं काही सांगायचं होतं, आणि इतकी वर्षं प्रार्थना चालवणाऱ्या मला शब्द सापडेनात. मग तिचेच आले तोंडात. "हाईस का रं?"

तासभर झाला. आमेन अजून म्हटलेलं नाही.