तीन पायांचा तक्ता

३ ऑगस्ट, सकाळी ७
निश्चय: रोज लिहायचं. कुणावरही चिडायचं नाही.
विभागप्रमुख महिनाअखेर रिटायर होतायत. त्या खुर्चीला माझ्याइतका लायक माणूस कॉलेजात नाही. हे मी म्हणत नाही, दिसतंच आहे. एकोणीसला निवडीची कमिटी येणार. नवी मॅडम स्लाइड्स दाखवणार म्हणे. दाखवू दे. मी खराखुरा ट्रान्झिस्टर चालवून दाखवणार.

४ ऑगस्ट
वर्गात ट्रान्झिस्टर घेतला. तीन पाय: एमिटर, बेस, कलेक्टर. बेसला करंट नाही, की कट-ऑफ, सगळं बंद. चिमूटभर दिला की अ‍ॅक्टिव्ह: कलेक्टरमधून त्याच्या दोनशेपट. हा झाला गेन. फारच दिला की सॅच्युरेशन: मग कितीही वाढवा, ढिम्म फरक नाही. चौथा एक रिव्हर्स प्रकार पुस्तकात आहे. निरुपयोगी. शिकवत नाही.
चाळीस चेहरे, चाळीस कट-ऑफ.
माणसंही अशीच. विभागप्रमुख: जेवणानंतर कट-ऑफ. घरी ही: सॅच्युरेशन. मी: अ‍ॅक्टिव्ह. नुसता इशारा पुरे.

८ ऑगस्ट
कमिटीसाठी तक्ता काढला. तीन फुटी. पायांची नावं आठवणीतून घातली, पुस्तक उघडलं नाही. खाली लाल शाईत सही. वळणदार आली आहे.
लॅब असिस्टंट बाई सांगायला लागल्या की सर, या नव्या पाकिटातल्यांचे पाय... मी म्हटलं, पाय मला मोजता येतात, तीन आहेत. फडकं घेऊन टेबल पुसायला लागल्या. सव्वीस वर्षं टेबलं पुसली म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स येत नाही.

११ ऑगस्ट, दुपार
तक्त्याप्रमाणे जोडणी केली, कलेक्टरला एक छोटा दिवा. पाच व्होल्ट. गेन चार.
दोनशेच्या जागी चार! दुसरा लावला: साडेतीन. तिसरा: चार. अख्खं पाकीट भिकार. बाई पाकिटाबरोबर आलेला कंपनीचा माहितीचा कागद, डेटाशीट, घेऊन आल्या. ज्यांना विषय येत नाही ते डेटाशीट वाचतात, असं सांगून टाकलं. जरा चढ्या आवाजात. निश्चय उद्यापासून.

१२ ऑगस्ट
९.०० न चिडण्यास प्रारंभ.
९.२० चिडलो. कारण विद्यार्थी.

१५ ऑगस्ट
ही म्हणाली, अहो, त्या बाई काय म्हणतायत ते एकदा ऐकून तरी घ्या. काल हेच, परवाही हेच. सॅच्युरेशन!

१७ ऑगस्ट
उपाय सापडला. गेन कमी, तर व्होल्ट वाढवायचे. पाचाचे बारा. आधी करून बघण्याची गरज नाही. बाईंनी तोंड उघडलं, मी हात वर केला.

१९ ऑगस्ट, दुपारी ४
थोडक्यात लिहितो.
कमिटीला म्हटलं, बेसला करंट नाही, म्हणजे कट-ऑफ, म्हणजे दिवा बंद. दिवा चालू होता. मिणमिणता, पण चालू. बेसची तार उपटली. तरी चालू. कमिटीतल्या म्हाताऱ्या इंजिनिअरनी विचारलं, तुमच्याकडे बंद यालाच म्हणतात का. विभागप्रमुख जागे झाले. नेमके आजच.
बाई न विचारता पुढे आल्या. पाकिटातला नवा ट्रान्झिस्टर काढला, त्याचं तोंड फिरवून खोचला. दिवा विझला. मग बेसला चिमूटभर करंट. गेन दोनशे दहा.
वर म्हणाल्या, जोडणी माझी होती, चूक माझी.
मी गप्प बसलो. लिहायलासुद्धा लाज वाटते.
म्हाताऱ्यांनी विचारलं, मग हा तक्ता कोणाचा? सही दारातूनही वाचता येत होती.

२१ ऑगस्ट
खुर्ची नव्या मॅडमला.
आज एकट्याने डेटाशीट वाचली. नव्या पाकिटात एमिटर आणि कलेक्टरच्या जागा अदलाबदल आहेत. उलटा लावला तर ट्रान्झिस्टर बंद पडत नाही, चालतो. तोच चौथा प्रकार. गेन चार, पण आपलं बरं चाललंय असं वाटत राहतं. बारा व्होल्ट दिले की तेवढंही नाही, बंद व्हायचंच विसरतो.
माणसांच्या यादीत हा प्रकार रिकामा होता. आता नाही.
हिला सगळं सांगितलं. हिने एवढंच विचारलं, बाईंना थँक्यू म्हणालात का.
निश्चय: उद्या म्हणायचं.

२२ ऑगस्ट, संध्याकाळ
म्हणायला गेलो. मनात वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात बाई सांगायला लागल्या की सर, सोमवारपासून... मी म्हटलं, माहीत आहे मला, प्रॅक्टिकल्स सुरू. त्या हसल्या. लॅबच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.
पाच वाजता शिपायाकडून कळलं. त्या म्हाताऱ्यांनी बाईंना त्यांच्या ट्रेनिंग सेंटरवर शिकवायला बोलावलंय. आज त्यांचा इथला शेवटचा दिवस होता.
थँक्यू राहिलं.