डाव्या हाताने जेवणारा नोकर

४ मार्च २०१५, बाड हॉम्बुर्ग, जर्मनी
प्रकाशकाचा फोन. जुन्या स्पॅनिश विनोदी कथांचं पुस्तक काढतायत, एचिंगची चित्रं हवीत. आधी एक नमुना, २० तारखेपर्यंत. आवडला तर सगळं पुस्तक माझं. जानेवारीत इंजिनिअरिंगची नोकरी सोडली ती याचसाठी. सासरे सांगलीहून येऊन महिना झाला, पण अप्पांना नोकरीचं अजून सांगितलेलं नाही. निखिलला म्हटलं, तुझे वडील, तूच सांग. "बघू" म्हणाला.

९ मार्च
प्रसंग ठरला. खाणावळीत मालक उपासाचं महत्त्व सांगतोय, नोकर अख्खं पातेलं फस्त करतोय. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरला, अ‍ॅसिडमध्ये बुडवला, छापला. नोकराचे गाल झकास आलेत! वर्कशॉपच्या बाई हसल्या, "गेनाऊ!" म्हणजे अगदी अस्संच. प्रिंट स्वयंपाकघरात लावला.

१० मार्च
अप्पांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. "हा डाव्या हाताने जेवतोय गं."
मेले. छापल्यावर चित्र उलटं येतं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. इथे एकाच्याही लक्षात आलं नाही. निखिल म्हणे, "चालतं इथे." मला नाही चालत. आता दुसरं काही दिसतच नाही त्यात. नवा पत्रा.
मग अप्पा: "रजा काढलीस का याच्यासाठी?" हो म्हटलं. चक्क खोटं. लाज वाटली.

१५ मार्च
पुन्हा कोरलं, चित्र आरशात बघून. आरसा धरायला अप्पा. "मालक एवढा वाळलाय, त्याला कुणी वाढत का नाही?" म्हटलं, मागायला कमीपणा वाटतो त्याला. खो खो हसले. "आमचे थोरले काका अस्से!" इतकं बरं वाटलं की तेव्हाच सांगून टाकावं... नाही जमलं.

१९ मार्च
नमुना दिला. उत्तर ईस्टरनंतर.
संध्याकाळी अप्पा इराला म्हणाले, "आईचं ऑफिस दाखवशील का आजोबांना?" लेकीला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच: "मामा आर्बायटेट दा निश्ट मेअर."
अप्पा माझ्याकडे वळले. "काय म्हणते ही?"
भाषांतर करणं आलं. केलं. "आई आता तिथे काम करत नाही, म्हणतेय. जानेवारीपासून, अप्पा."
रागावले असते तर परवडलं असतं. एवढंच विचारलं, "निखिलला माहीत होतं?" हो म्हटलं. त्यांनी कोट घातला. "जरा पाय मोकळे करून येतो."
निखिल मागोमाग निघाला होता, मीच थांबवलं. त्यांचं ताट झाकून ठेवलंय. अजून आले नाहीत.