ग्रहणातले घोटभर पाणी

गुरुवार, २४ एप्रिल १९८६, संध्याकाळ

"बंधूंनो, ग्रहणाच्या भीतीने आपल्या लेकीसुनांना फार छळले!" काल साकोलीच्या सभेत मी गरजलो. माणूस चंद्रावर चालून आला, असे सांगितले. टाळ्या पडल्या.

आज चंद्रग्रहण. माझी गरोदर लेक कुंदा दुपारपासून आतल्या खोलीत निजून आहे. या उन्हाळ्यात, तहानलेली.

"बाबा, चंद्रावर माणूस जाऊन आला ना? मंग मले घोटभर पाणी काहून नाही?"

बायको माझ्यावरच उखडली, "पहिलं लेकरू गेलं तिचं. याले काही झालं, तं तुमचं भाषण काय कामाचं?"

मी वही घेऊन बाहेर येऊन बसलो. का? घोटभर पाणीच तर मागत होती. मलाही भीती वाटली, हेच खरे.

ग्रहण सुटायला अजून तास आहे. वही मिट. ऊठ, आणि माठातले पाणी तिला स्वतःच्या हाताने दे.