सातापैकी सहा

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? माझं डोकं त्याहून जास्त दुखतंय. स्किझोफ्रेनियाची लक्षणं मोजायची परकी प्रश्नावली मी आपल्या भाषेत आणली, हे तुला ठाऊक आहेच. भाषांतर लागू पडतं का हे तपासायला दोन डॉक्टर एकाच पेशंटसमोर बसतात. एक जण विचारतो, पण एक ते सात असे गुण दोघेही देतात, सात म्हणजे लक्षण सर्वांत तीव्र, एकमेकांच्या कागदात न डोकावता. शंभर पेशंट हवेत. नव्याण्णव झाले, शंभरावा ऐनवेळी गळला.

मंगळवारी धाकट्याला पेशंट म्हणून घेऊन येशील? आजार तर त्याला हाच आहे. फक्त खोलीत त्याने मला दादा म्हणू नये. नातेवाईक चालत नाहीत. शिवाय माझ्या सहकारी डॉक्टरीणबाईंना वाटतं, मला बहीण तेवढी आहे. त्यांना असं का वाटतं, ते विचारू नकोस.

लोभ या पत्रानंतरही टिकावा.

तुझा,
मधला

१४ मार्च

चि. मधल्यास,
अ. उ. आ.

गुडघा तुझ्या प्रश्नावलीत बसणार नाही, सोड. धाकट्याने काम चोख केलं म्हणे. तिकडे येताना तो बसमध्ये डॉक्टरसाहेब, डॉक्टरसाहेब असं घोकत होता. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. आत तू घरी कोण कोण आहे विचारलंस, आणि त्याने सांगितलं, एक ताई, भाऊ नाही.

परतताना तीनदा म्हणाला, दादाचं काम झालं असेल ना. मग विचारलं, दादाला लाज आजाराची वाटते की माझी? मी म्हटलं, तो शिकलेला आहे, त्यालाच विचारते.

माया तूर्त शिल्लक आहे.

ताई

२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊ नाही म्हणताना त्याचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. बाईंनी भावना बोथट झाल्याच्या रकान्यात सातापैकी सहा दिले. त्यांचं बरोबरच होतं, त्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं. तो चेहरा का दाबून धरलाय, हे मला माहीत होतं. मीही सहाच लिहिले. दोन लिहिले असते तर का ते सांगावं लागलं असतं. आमचे गुण तंतोतंत जुळले, विभागप्रमुखांनी पाठ थोपटली.

काल बाईंना सगळं सांगितलं. तो कागद रद्द झाला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त खुर्ची मागे सरकवली.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर: त्याची. आजाराची लाज बाळगू नका असं मी रोज वीस घरांना समजावतो. हे त्याला वाचून दाखवू नकोस. रविवारी येऊन मीच सांगतो.

दार उघडण्याइतका लोभ असू दे.

मधला

२५ मार्च

चि. मधल्यास,
अ. उ. आ.

पाकीट त्यानेच फोडलं, त्यामुळे वाचून दाखवायचा प्रश्नच आला नाही. दोन दिवस माझ्याशीही बोलला नाही. आज सकाळी दाढी करता करता म्हणाला, दादाला कळव, रविवारी येऊ नको. मंगळवारी तोच तिकडे येतोय. मी सोबत नको म्हणाला. डॉक्टरीणबाईंना आपण एक उत्तर चुकीचं दिलंय, ते समोर बसून दुरुस्त करायचंय म्हणे; आणि त्या वेळी दादाने शेजारी बसावं.

बसथांब्यावर त्याला घ्यायला जाशील, एवढ्या लोभाची अपेक्षा करते.

ताई