राहीबाई तरे यांचे मृत्युपत्र : पुढची खोली इंग्रजी शब्दांच्या वर्गाला

मी, राहीबाई तुळशीराम तरे, वय सदुसष्ट, राहणार नारपोली, भिवंडी, हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येणार नाही, ते पुढे येईलच. मला कोणी धमकावलेले नाही आणि कोणी फितवलेलेही नाही. फितवले असे म्हणणारे माझ्यामागे निघतील, त्यांची नावेही मला माहीत आहेत. मसुदा वकीलबाईंनी केला. माझी वाक्ये गाळायची नाहीत, या अटीवर मी त्यांना काम दिले.

कलम १. कोन येथील माझ्या माहेरच्या जमिनीत माझा वाटा होता. ती जमीन गोदामासाठी गेली आणि माझ्या वाट्याच्या पैशातून नारपोलीचे हे घर माझ्या एकटीच्या नावे घेतले. सासरच्या कोणाचा यात हात नाही, त्यामुळे कोणी बोटही घालू नये.

कलम २. वरचा मजला आणि खालच्या आतल्या खोल्या माझा मुलगा धनेश याला द्याव्यात. त्यांतल्या मागच्या खोलीत दीक्षा भालेराव आणि तिची आई जाईबाई भाड्याने राहतात. त्यांना स्वतःहून सोडायची इच्छा होईपर्यंत कोणी उठवू नये.

कलम ३. गल्लीकडे दार असलेली पुढची खोली मी दीक्षा दामू भालेराव हिच्या नावे करीत आहे. या खोलीत पूर्वी माझ्या यजमानांचे कापड विणायचे लूम चालत. जमिनीवर तेलाचे डाग अजून आहेत, ते निघणार नाहीत, काढायचा प्रयत्नही करू नये. आता तिथे संध्याकाळी बायका बसतात आणि रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द शिकतात, आधीचे पुन्हा पुन्हा म्हणून पक्के करतात. तो वर्ग दीक्षा घेते. तो चालू राहावा म्हणून खोली तिची.

परक्या मुलीला खोली का, हा प्रश्न येणार. म्हणून झाले ते लिहिते.

माझे यजमान तुळशीराम आजारी पडले तेव्हा त्यांना एका खाजगी दवाखान्यात ठेवले होते. माझे धाकटे दीर चिंधू भाऊजी शिकलेले, जमिनीचे व्यवहार करणारे. डॉक्टरांशी बोलायचे काम त्यांचे. खाटेच्या एका बाजूला मी उभी असे, दुसऱ्या बाजूला ते दोघे, आणि सगळे बोलणे इंग्रजीत. त्यात एक शब्द सारखा यायचा, टर्मिनल. माझ्या माहितीत टर्मिनल म्हणजे ट्रक उभे राहतात ती जागा. मला वाटले, डॉक्टरांना गोदामाला जागा हवी असेल, भाऊजी त्यांचे काम करून देत असतील.

ते दोघे खोलीबाहेर गेल्यावर यजमानांनी मला विचारले, "राही, काय बोलला डाक्तर?"

मी म्हणाले, "काय न्हाय. ट्रकांचा कायतरी चाललंय त्यांचा."

ते हसले. म्हणाले, "मंग मी बरा हाय. बरा झालो की गणेशपुरीला जाऊ, गरम पान्याच्या कुंडात पाय सोडून बसू."

मी म्हटले, घाई काय आहे, पावसाळा संपू दे. पावसाळा संपायच्या आत ते गेले. त्या खोलीत येणाऱ्या सगळ्यांना माहीत होते. धनेशला माहीत होते, जावेला माहीत होते. माहीत नव्हते ते फक्त त्यांना आणि मला. आम्हा दोघांना एकमेकांशी काय बोलायचे होते, ते बोलायचे राहून गेले. दहाव्यानंतर मी भाऊजींना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "वयनी, तुला तरास नको म्हणून न्हाय सांगितला."

तरास कोणाचा होता, हे त्यांनी ठरवायचे नव्हते. हा हिशेब मी मिटवलेला नाही आणि या कागदाने मिटवीतही नाही.

पुढे लूम भंगारात गेले, घर गप्प झाले. त्या सुमारास दीक्षा मागची खोली भाड्याने मागायला आली. ती गोदामात माल रवाना करण्याच्या टेबलावर कामाला लागली होती. ती आणि तिची आई बौद्ध आहेत. भाऊजी दारात उभे राहून म्हणाले, "वयनी, आपल्या घरात ती लोका?" मी दीक्षाला त्यांच्यासमोर चावी दिली.

ती कामावरून आली की मागच्या पायरीवर बसून मोठ्याने शब्द पाठ करी. डॅमेज म्हणजे नुकसान, डिले म्हणजे उशीर, रिटर्न म्हणजे परत. मी तांदूळ निवडत ऐकायची. एकदा मी विचारले, "दीक्षा, टर्मिनल म्हंजे काय गो?"

ती म्हणाली, "मावशी, गाड्या थांबतात ते."

"आनि मानसाला बोलतात तवा?"

तिने सांगितले, ज्यातून माणूस बरा होत नाही असा आजार. मी तांदळाचे सूप खाली ठेवले आणि तिला म्हटले, उद्यापासून मला शिकव.

तिची पद्धत अशी की शब्द घरातून उचलायचा. मिठाच्या बरणीवर चिठ्ठी, दारावर चिठ्ठी, माझ्या गोळ्यांच्या डबीवर चिठ्ठी. नवा शब्द हवा असेल तर आधी कालचे म्हणून दाखवायचे. आणि प्रत्येक शब्दाचे वाक्य स्वतःच्या घरातले हवे, पुस्तकातले चालत नाही. माझे पाहून समोरची कमळा आली, तिच्यामागून लूमवाल्यांच्या उत्तर प्रदेशातल्या बायका आल्या, आणि वर्ग पुढच्या खोलीत भरू लागला. त्या म्हणतात, "दीदी, पहले हिंदी में बताओ," आणि मग आम्हा मराठी बायकांचीही हिंदी सुधारते. कमळाने एकदा वाक्य केले, "माय लेट हजबंड." नवरा उशिरा घरी येतो, असे तिला म्हणायचे होते. दीक्षा म्हणाली, "ताई, याचा अर्थ वारलेला नवरा असा होतो." कमळा म्हणाली, "असू दे, तसाच ठेव." त्या दिवशी पुढे वर्ग झाला नाही, हसण्यातच गेला.

भाऊजींनी धनेशकडून निरोप पाठवला की म्हातारपणी हे काय थेर, खोली कुरिअरवाल्याला द्या, भाडे येईल. मी उलट निरोप पाठवला की खोली दिलेली आहे.

कलम ४. यंदा मला पोटाचा आजार निघाला. रिपोर्ट घेऊन धनेशसोबत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि धनेशकडे पाहिले. धनेश म्हणाला, "डॉक्टर, कॅन वी टॉक आउटसाइड?"

मी खुर्चीवरून हलले नाही. म्हणाले, "नो आउटसाइड. आय अ‍ॅम द पेशंट. टेल मी हिअर."

माझे इंग्रजी तेवढेच आहे. त्याहून जास्त मला त्या दिवशी लागलेही नाही. डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि सगळे मराठीत सांगितले, काहीही न लपवता. मी विचारले, "टर्मिनल?" ते म्हणाले, "हो, आजी."

रिक्षात धनेश रडला. "आई, तुला कशाला ऐकायचं होतं?"

मी म्हटले, "माझा आजार हाय. पयला मलाच कलला पायजे."

कळल्यामुळे काय झाले, तेही लिहिते. मी आणि धनेश एसटीने गणेशपुरीला गेलो. कुंडात पाय सोडून मी बराच वेळ बसले. यजमानांशी जे बोलायचे राहिले होते ते धनेशशी बोलले, आणि त्यानेही दवाखान्यातल्या त्या दिवसांत तो जिन्यात जाऊन कसा रडायचा ते सांगितले. काकांनी त्याला मला न सांगायची शपथ घातली होती. परतीच्या एसटीत तो माझ्या खांद्यावर झोपला.

म्हणून सक्त सूचना. माझ्या खाटेजवळ, दाराबाहेर किंवा फोनवर माझ्या आजाराबद्दल मला न कळणाऱ्या भाषेत कोणी बोलायचे नाही. मी शुद्धीत नसले तरी मला सांगायचे.

कलम ५. माझ्या पाटल्या मुलगी दिपाली हिला. ठुशी नात उन्नती हिला, लग्न केले तरी आणि न केले तरी. यजमानांची लूम दुरुस्तीच्या पान्यांची पेटी धनेशला, पण ती वापरायची असेल तरच, शोभेला ठेवायची असेल तर गल्लीतल्या एखाद्या लूमवाल्याला द्यावी. बँकेतल्या शिलकीतून आधी पुढच्या खोलीला पंखे आणि मोठा फळा घ्यावा, उरेल ते दोन्ही मुलांत सारखे.

कलम ६. चिंधू भाऊजींना मी काही ठेवीत नाही. मात्र माझ्या तेराव्याला त्यांना मानाने बोलवावे. जेवण पुढच्या खोलीतच करावे आणि वाढायला दीक्षा व जाईबाई असाव्यात. जेवायचे की उठून जायचे, ते भाऊजींनी सर्वांसमोर ठरवावे.

कलम ७. मी जाईन त्या दिवशी वर्ग बंद ठेवू नये. प्रेत आतल्या खोलीत ठेवले तर पुढे वर्ग होऊ शकतो.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दिपालीने करावी. तिला कोणाची भीड पडत नाही. कोणी कोर्टात गेले तर खुशाल जावे, ही सगळी पाने तिथे मोठ्याने वाचली जातील.

सही करण्यापूर्वी हे सर्व मी धनेशला स्वतः वाचून दाखवले. कलम तीनला तो खाली मान घालून बसला होता. शेवटी म्हणाला, "काका लय भडकतील."

मी म्हटले, "भडकू दे."

तो उठला, खिळ्यावरून पुढच्या खोलीची चावी काढली आणि विचारले, "ही दीक्षाला नंतर द्यायची का आत्ताच देऊ?"

"आत्ताच दे," मी म्हटले. तो देऊन आला. मग मी सही केली.

ठिकाण : नारपोली, भिवंडी
दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५

सही : राहीबाई तुळशीराम तरे

राहीबाईंनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून वर सही केली. आम्ही दोघींनी त्यांच्यासमोर साक्षीची सही व अंगठा केला.

साक्षीदार १ : पुतळाबाई भोईर, शेजारीण, नारपोली
साक्षीदार २ : ठकुबाई केणे, राहणार कोन, राहीबाईंची बालमैत्रीण (डाव्या हाताचा अंगठा. पुढच्या सोमवारपासून वर्गाला येणार आहे.)